दुखणे अंगावर काढू नका, खुणा ओळखा

"काही नाही, होईल बरं." आपल्या वस्तीत दिवसातून दहा वेळा ऐकू येणारे हे वाक्य आहे. ताप आला, होईल बरं. पाण्याची घागर उचलताना दम लागला, होईल बरं. महिनाभर खोकला चालू आहे, हवा बदलली की होईल बरं. यालाच आपण दुखणे अंगावर काढणे म्हणतो आणि म्हणताना त्यात थोडे कौतुकही मिसळतो. "तिने किती अंगावर काढलं, पण कुणाला बोलली नाही!"

त्या माऊलीच्या सोसण्याचे कौतुक आम्हाला करवत नाही आणि तिला दोषही देववत नाही. दुखणे अंगावर काढण्याची हौस कुणालाच नसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची आपली माणसे दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. जोडीतला एकजण आजारी पडून बसला की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उलटे अंगावर येतात. घरी विडी वळणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी यांचेही तेच. दवाखान्यात जायचे म्हणजे रोज बुडतो, गाडीभाडे जाते आणि अर्धा दिवस रांगेत जातो. मग माणूस म्हणतो, बघू उद्या.

प्रत्येक शिंकेला दवाखाना गाठा असे आमचे म्हणणे नाही. ते कुणाला परवडणारही नाही. पण कोणते दुखणे दोन दिवस थांबू शकते आणि कोणते दोन तासही थांबणार नाही, एवढे प्रत्येक घरात कुणाला तरी ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी डॉक्टरकीची पदवी लागत नाही, फार शाळाही लागत नाही. याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे.

जामखेडच्या बाया

आज अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, तेव्हाची ही हकीकत. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. भाग दुष्काळी, रस्ते नाहीत, गावात डॉक्टर नाही. १९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाची होण्याआधीच दगावत होती. म्हणजे सहा पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा होत होता.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना गावोगाव पाठवून पाहिले. ते जमले नाही. परक्या गावात त्यांचे मन रमेना आणि गावही त्यांच्यापाशी मन मोकळे करीना. मग असे ठरले की गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे. अशा ज्या बाया पुढे आल्या, त्यांत अक्षरओळख नसलेल्या पुष्कळ होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, दलित समाजातल्याही होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत, एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि शिकत. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हाती गावाने आपली लेकरे आणि बाळंतिणी सोपविल्या. १९७२ च्या दुष्काळात प्रकल्पाने नलिका विहिरी खोदल्या त्या मुद्दाम दलित वस्तीत, जेणेकरून पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथे यावे लागेल. आरोग्य आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या डॉक्टरांना नेमके कळले होते.

१९७६ पर्यंत हजारी १७६ चा आकडा ५२ वर आला. मोठे इस्पितळ उभारून एवढा फरक पाच वर्षांत पडला नसता. खुणा वेळेवर ओळखणारी बाई गावातच असल्यामुळे तो पडला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरातील अशा प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. २००५ पासून देशभर ज्या आशाताई काम करू लागल्या, त्यांच्या कामाची मुळे शोधत गेलो तर जामखेडच्या त्या बायांपर्यंत पोहोचता येते.

त्या बायांनी जे केले त्याचे सार आम्ही तीन शब्दांत सांगू : पाहणे, चाचपणे, मोजणे. ही तीन कामे कोणत्याही घरात होऊ शकतात. नेमके काय पाहायचे, काय चाचपायचे आणि काय मोजायचे ते आता एकेक करून पाहू.

बाळाचा श्वास मोजा

सर्दी-खोकला प्रत्येक मुलाला होतो आणि बहुतेकदा आपोआप जातो. पण त्यातल्याच एखाद्या बाळाला न्यूमोनिया होतो. तो कसा ओळखायचा? मूल शांत असताना, शक्यतो झोपलेले असताना, अंगावरचा झबला वर करा. पोट-छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. घड्याळ किंवा मोबाईल समोर ठेवून पुरे एक मिनिट मोजा. रडत्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचा श्वास मोजू नका, आकडा चुकेल.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले तर तो न्यूमोनिया समजावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, अंगावर ओढत नसेल, तर रात्र असली तरी निघावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे अंग तापले किंवा उलट गार पडले, तरी तोच नियम.

गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी याच मार्गाने काम केले. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांच्या माळा लावलेली साधी पाटी तयार केली. श्वासागणिक मणी सरकवायचा. गावातल्या माणसांनी ओळखून वेळेवर औषध दिल्याने न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी होतात, हे त्यांनी दाखविले आणि १९९० साली ते 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

बाळाचे पोट उडते म्हणून त्याला डाग देणे किंवा बिब्बा लावणे अजूनही कुठे कुठे चालते. पोट उडते ते श्वास पुरत नाही म्हणून. डाग दिल्याने श्वास मिळत नाही. वेळ मात्र जातो आणि लेकराला भाजल्याची जखम होते ती वेगळी.

जुलाबात पाणी किती गेले ते पाहा

जुलाबाने मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्यामुळे किती वेळा झाली यापेक्षा पाणी किती कमी झाले हे पाहावे. तोंड, जीभ कोरडी पडली आहे का? डोळे खोल गेले आहेत का? रडताना आसू येत नाहीत का? सहा तासांत लघवी झाली नाही का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली तर ठीक, घडी तशीच उभी राहिली तर पाणी फार गेले आहे. टाळू खोल गेली म्हणून पुष्कळ घरांत टाळूवर तेल थापतात. टाळू जागेवरून पडत नसते. आतले पाणी कमी झाले की ती खोल जाते आणि पाणी भरून आले की आपोआप वर येते.

क्षारसंजीवनीचे म्हणजे ओआरएसचे एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळावे. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढेच घ्यावे, अर्धे पाकीट अंदाजाने कपात टाकू नये. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये, भात-वरणही बंद करू नये. आशाताईंकडे झिंकच्या गोळ्या असतात, त्या १४ दिवस द्याव्यात.

१९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बनगाव येथे कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपात कालवून नातेवाईकांच्या हातून रोग्यांना पाजविले. दगावण्याचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्या खाली आले. पाजणारे हात आई-बापांचेच होते.

मूल निपचित पडले, पाणी पिईना, शौचात रक्त आले, किंवा पाजलेले सगळेच उलटून पडू लागले तर मात्र घरी बसू नये.

रक्त कमी झाल्याच्या खुणा

मायबहिणींनो, आरशासमोर उभे राहून डोळ्याची खालची पापणी खाली ओढा. आतला भाग लालसर गुलाबी दिसला पाहिजे. तो पांढुरका दिसत असेल, जीभ आणि नखे फिकट असतील, जिना चढताना छाती धडधडत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्त कमी आहे. माती, खडू, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हीसुद्धा त्याचीच खूण आहे. लोक त्याला वाईट खोड म्हणून हसतात. शरीरात लोह कमी पडल्याने ती वासना होत असते.

रक्ताची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असले तर ते कमी समजतात. ७ च्या खाली गेले तर जिवावरचा धोका. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, पण त्या पुष्कळ घरांत डब्यातच राहतात, कारण शौचाला काळे होते आणि मळमळते. काळे होणे हे गोळी पोटात गेल्याचे लक्षण आहे, त्याला घाबरू नये. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर मात्र घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. ताटात लिंबाची फोड असली तर ते अधिक लागते.

गरोदरपणात आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात : चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे, अंगावरून रक्त जाणे, झटके येणे. यातली एकही दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय. बाळंतपणानंतर तासाभरात दोन-तीन कापडे रक्ताने भिजली तर मिनिटभरही थांबू नये.

दोन आठवड्यांचा खोकला आणि न दुखणारा चट्टा

खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक राहिला की थुंकीची तपासणी करून घ्यावी, मग तो खोकला विडीचा असो, धुळीचा असो की तंबाखूच्या भुकटीचा. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे, भूक मरणे, थुंकीतून रक्त या क्षयरोगाच्या खुणा आहेत. विडी वळणाऱ्या आणि दगडखाणीवरच्या घरांत "आमचा खोकला धंद्याचा आहे" असे म्हणून महिने काढले जातात आणि तेवढ्या महिन्यांत तो रोग घरातल्या लेकरांपर्यंत जातो. तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात फुकट आहे. नेहमीच्या क्षयावरचा उपचार सहा महिन्यांचा असतो. महिना-दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडल्या तर क्षय हट्टी होतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. उपचार चालू असताना पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये झाली आहे, ती मागून घ्यावी.

दुसरी खूण कातडीची. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही आणि कापसाचा बोळा फिरविला तरी कळत नाही. असा चट्टा म्हणजे कुष्ठरोगाची शंका. तो दुखत नाही हेच त्याचे फसवणे आहे. औषध फुकट असते, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावे लागते आणि वेळेवर सुरू केले तर बोटे वाकडी होत नाहीत. औषध सुरू झाले की घरच्यांना लागण होण्याची भीती उरत नाही. लपविण्यासारखे त्यात काही नाही.

गुपचूप येणारे पाहुणे

रक्तदाबाला बहुतेक वेळा काहीच लक्षण नसते. तो मोजूनच कळतो. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तो मोजून घ्यावा. १४०/९० किंवा त्यावर पुन्हा पुन्हा येत असेल तर उपचार सुरू करावेत. साखरेचे मात्र काही इशारे असतात : फार तहान, रात्री तीन-चार वेळा उठून लघवी, लघवीच्या जागी मुंग्या लागणे, खाऊनही वजन उतरणे, जखम न भरणे, पायाला मुंग्या येणे किंवा पाय बधिर वाटणे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली तर मधुमेह समजतात. तो फक्त सावकार-शेठजींचा रोग आहे असा समज सोडून द्यावा. बाबासाहेबांनाही मधुमेहाने अनेक वर्षे ग्रासले होते आणि अखेरच्या काळात त्याने त्यांची प्रकृती पार खालावली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मधुमेह असलेल्याने रोज रात्री स्वतःचे तळपाय पाहावेत. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही आणि पुढे पाय गमवावा लागतो.

छातीच्या मधोमध कुणी दगड ठेवल्यासारखे दडपण, ते डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणे, गार घाम, जीव घाबरा होणे, हे हृदयविकाराचे लक्षण आहे. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नये. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही, नुसता दम लागतो आणि गळून गेल्यासारखे होते.

आणि 'वारं गेलं' असे आपण ज्याला म्हणतो तो पक्षाघात. त्याची ओळख फार सोपी आहे. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? नाव विचारा, जीभ जड झाली का? तिन्हींपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन लावा आणि घड्याळाची वेळ लिहून ठेवा. गाठ विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो, म्हणून ती सोय असलेले रुग्णालयच गाठावे. पारव्याचे रक्त चोळण्यात आणि देवऋषीकडे नेण्यात हेच साडेचार तास जातात.

उसाच्या फडात

फडातल्या माणसाला दोन खुणा ठाऊक असल्याच पाहिजेत. घोणस चावली तर जागा भराभर सुजते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी कमी होते. मण्यार मात्र रात्री झोपेत चावते आणि चावलेले कळतही नाही. पहाटे पोटात कळा, उलटी, मग पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे, बोबडे बोलणे. खोपटात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे असा उठला तर अपचन झाले म्हणून बसू नये, साप चावला असे धरूनच चालावे. कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. हात किंवा पाय हलू न देता ग्रामीण रुग्णालय गाठावे. सर्पदंशावरची लस तिथे फुकट मिळते. झोपताना खाट आणि मच्छरदाणी असली तर मण्यारीपासून पुष्कळ बचाव होतो.

दुसरी खूण उन्हाची. उन्हात राबताना अंग तव्यासारखे तापले, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंग ओले करावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णालयात हलवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

खूण ओळखता आली नाही तर काय होते

आतापर्यंत उशिराचे नुकसान सांगितले. पण आणखी एक नुकसान आहे. आपल्याला आपल्या शरीराची ओळख नसली की कुणीही आपल्याला भिवविते. शेजारच्या बीड जिल्ह्यातली गोष्ट साऱ्या देशाने ऐकली. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यातल्या कित्येक तिशी-पस्तिशीच्या होत्या. मुळात तक्रार काय होती? अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त जाणे.

म्हणून हे नीट समजून घ्या. थोडे पांढरे किंवा पाण्यासारखे, वास नसलेले, खाज नसलेले जाणे हे निसर्गाचेच आहे, महिन्याच्या मध्यावर ते वाढते. दह्यासारखे आणि खाज सुटणारे, पिवळे-हिरवे, घाण वास येणारे, किंवा सोबत ताप व ओटीपोटात कळा असणारे जाणे हा रोग आहे. पण तो बहुधा गोळ्यांनी बरा होतो आणि कित्येकदा नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. त्यासाठी पिशवी काढण्याची गरज नसते. पिशवी काढा म्हणून कुणी सांगितले तर सोनोग्राफीचा कागद हातात घ्यावा, सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा आणि मगच ठरवावे. "कॅन्सर होईल" या एका शब्दाच्या धाकाने सही करू नये.

खऱ्या कॅन्सरच्या खुणा वेगळ्या असतात. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, स्तनात न दुखणारी गाठ, तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल डाग, तोंडात तीन बोटे उभी न मावणे. तंबाखू, मिश्री, गुटखा ज्यांच्या तोंडात असतो त्यांनी दर महिन्याला आरशात तोंड पाहावे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तर खुणा दिसण्याआधीच शोधता येतो. जामखेडच्या पलीकडेच असलेल्या, आज धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायांना घेऊन याचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तिशी ओलांडलेल्या बाईने ही तपासणी आपल्या केंद्रात आवर्जून मागावी.

डॉक्टरांना काय सांगावे

रांगेत दोन तास उभे राहून आपली पाळी आली की आपण म्हणतो, "अंग दुखतंय, गोळ्या द्या." डॉक्टरांनाही घाई असते. मग एक इंजेक्शन मिळते आणि खरे दुखणे तसेच राहते. त्यापेक्षा घरून निघतानाच चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : कधीपासून होते, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते, सोबत आणखी काय होते आणि आतापर्यंत कोणती औषधे घेतली. बाळाचा श्वास मोजला असेल तर तो आकडा सांगावा. "मिनिटाला ५६ भरतात" असे सांगणाऱ्या आईला कोणताही डॉक्टर वाटेला लावीत नाही. सलाईन लावा, इंजेक्शन द्या असा आग्रह आपण धरू नये. काय झाले आहे, हा प्रश्न मात्र जरूर विचारावा. तो आपला हक्क आहे.

हा लेख वाचून झाला की घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला एक काम सांगा. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत तिने लिहावे : श्वासाचे तीन आकडे, मीठ-साखरेचे माप, पक्षाघाताच्या तीन खुणा, मण्यारीच्या खुणा, १०८ हा नंबर आणि आपल्या आशाताईंचा फोन. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आजीला, काकूला तिने ते मोठ्याने वाचून दाखवावे. पुढच्या रविवारी विहारात चार बाया जमल्या की कुणाच्या तरी झोपलेल्या लेकराचा श्वास सगळ्यांनी मिळून एकदा मोजून पाहावा. दोघींचा आकडा जुळेपर्यंत मोजावा. जामखेडच्या बाया अशाच एकमेकींसोबत बसून शिकल्या.